कोकणातल्या वसंत-मैफली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माघ उजाडला की हे प्रश्न सुरू होतात. कुणी फोनवर विचारतं, कुणी मैफलीच्या दाराशी चपला काढता काढता, कुणी मध्यंतरात चहा घेताना. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. मुंबईपासून गोव्यापर्यंतचा किनारा धरला आहे. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या दिलेल्या नाहीत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. मैफलींचा हंगाम थंडीचा. वसंतात कोकणात काही उरतं का?

उरतं, फक्त त्याचं रूप बदलतं. मोठे मांडव थंडीत उभे राहतात. रत्नागिरीत आर्ट सर्कलचा थिबा राजवाड्याच्या आवारातला संगीत महोत्सव जानेवारीत होतो, तो या पानाच्या बाहेरचा. वसंत पंचमीपासून, म्हणजे माघ शुद्ध पंचमीपासून, रामनवमीपर्यंत जे होतं ते बहुतेक लहान असतं: संस्थांच्या मासिक बैठका, पाडव्याच्या मैफली, देवळातली गायनसेवा. मोठं म्हणावं असं या दिवसांत मुंबईत सिम्फनीचं सत्र आणि गोव्यातले काही महोत्सव. एप्रिल अर्धा झाला की सगळंच विरळ होतं. उकाडा असतो, आणि बागायतदार श्रोता आंबा उतरवण्यात आणि पेट्या भरण्यात अडकलेला असतो.

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख हे आम्हाला ठाऊक आहे, दरवर्षी कुणीतरी कळवतंच. गाणारे मात्र वसंत पंचमीपासूनच बसंत-बहार गायला घेतात. आम्ही गाणाऱ्यांच्या बाजूने.

विचाराल तर आमची पसंती या लहान बैठकांनाच. महोत्सवात एका कलाकाराच्या वाट्याला तास-सव्वा तास येतो. त्यात एक राग, एक नाट्यपद, की भैरवी. बैठकीत तोच गायक एका रागाला तास देतो आणि तरी त्याच्या हातात वेळ उरतो. नाव पाहून कार्यक्रम निवडण्यापेक्षा गायकाला किती वेळ दिलाय ते पाहून निवडा.

२. अशा कार्यक्रमांची माहिती मिळते कुठे? जाहिरात तर दिसत नाही.

जाहिरातीला पैसे नसतात, म्हणून दिसत नाही. रत्नागिरीत खल्वायन संस्थेच्या मासिक सभा आणि पाडव्याची खास मैफल असते. नाट्यगृहातले कार्यक्रम स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहाच्या फलकावर कळतात. चिपळूणला इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र. कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान. ज्यांच्या नावाने ते आहे ते वसंतराव कुमार गंधर्वांना तबल्याची साथ करत. पणजीत कला अकादमी, मांडवीच्या काठावरची, चार्ल्स कोरियांनी रचलेली. मडगावात रवींद्र भवन.

स्थानिक दैनिकाचं आतलं पान आणि तबल्याचा क्लास घेणारे मास्तर हे दोन मार्ग मात्र कधी चुकत नाहीत. क्लासच्या मास्तरांना तालुक्यात कोण येतंय ते आयोजकाच्या आधी कळतं, कारण साथीला त्यांनाच विचारलेलं असतं.

३. पोस्टरवर ‘भव्य ऑर्केस्ट्रा’ लिहिलंय. सिम्फनी ऐकायला मिळेल का?

नाही. आपल्याकडे उत्सवात येतो तो चित्रपटगीतांचा वाद्यवृंद: दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, निवेदक आणि फर्माइशी. तोही रंगतो, पण तुम्ही शोधताय ते हे नव्हे. पोस्टरवर कंडक्टरचं, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याचं, नाव आणि संगीतकारांच्या रचना छापलेल्या असतील तरच तो पाश्चात्त्य शास्त्रीय कार्यक्रम समजा.

४. मग खरी सिम्फनी कोकणपट्टीत कुठे?

पूर्ण वाद्यवृंद हवा तर मुंबई. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. २००६ साली स्थापन झालेला हा भारतातला व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद. खुशरू संतूक यांनी कझाक व्हायोलिनवादक मारत बिसेंगालिएव यांच्या सोबतीने तो उभा केला. वर्षात साधारण दोन सत्रं होतात, एक फेब्रुवारीच्या आसपास आणि दुसरं सप्टेंबरच्या. इथे लोक फसतात: त्यांचा ‘स्प्रिंग’ आपल्या शिमग्याच्या आधीच आटोपलेला असू शकतो. पाडव्याला चौकशी करून हाती काही लागत नाही, जानेवारीतच वेळापत्रक बघा. मोठे कार्यक्रम जमशेद भाभा थिएटरमध्ये होतात, तिथे अकराशेच्या वर आसनं आहेत आणि सिम्फनी माइकशिवाय ऐकू येते. लाउडस्पीकरला सरावलेल्या कानांना पहिली पाच मिनिटं आवाज लहान वाटतो. थांबा जरा, कान जुळतात.

गोव्यात पूर्ण सिम्फनी क्वचित, पण चेंबर संगीत (मोजक्या वादकांचं), पियानो आणि गायनवृंद पुष्कळ. फुंदासांव ओरियेंत ही संस्था ओल्ड गोव्यात टेकडीवरच्या अवर लेडी ऑफ द माउंट चॅपलमध्ये मोंते संगीत महोत्सव भरवते, हिवाळा उतरता उतरता. एकाच महोत्सवात पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी दोन्ही, आणि खाली मांडवीचं पात्र. दोन्हीकडचं एकत्र ऐकायचं असेल तर सुरुवात इथून करा.

गोव्यात हे इतकं रुजलेलं का, असंही विचारतात. पोर्तुगीज काळात चर्चच्या संगीतशाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथे शिकलेल्यांनी पुढे मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंतल्या व्हायोलिनच्या रांगा भरल्या. त्यांतल्याच माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद काढला आणि रागांवर वाद्यवृंदाच्या रचना केल्या.

५. तिकीट किती असतं? फुकट कार्यक्रमाला जायला संकोच वाटतो.

मासिक बैठका बहुधा विनामूल्य किंवा देणगी प्रवेशिकेवर. ‘सन्मानिका’ लिहिलं असेल तर आयोजकांकडून आधी मागून घ्या, दारात हुज्जत नको. फुकट असलं तरी दाराशी पेटी असते, तीत टाका. तबलजीचं मानधन आणि एसटीचं भाडं त्यातूनच निघतं. मुंबईच्या सिम्फनीला तिकीट लागतंच, आणि दर आसनागणिक बदलतो. वरच्या स्वस्त जागा आवाजासाठी वाईट नसतात. समोरून दिसण्यासाठी पैसे मोजायचे की नाहीत ते तुमचं तुम्ही ठरवा.

६. वसंताचे राग कोणते? ओळखायचे कसे?

तीन नावं धरून चला: बसंत, बहार, हिंडोल.

बसंत ‘पूर्वी’ नावाच्या थाटातला (थाट म्हणजे रागांचं मूळ कुळ). रिषभ-धैवत कोमल, मध्यम दोन्ही, आणि सगळा ओढा वरच्या षड्जाकडे, म्हणजे ‘सा’कडे. गायक सुरुवातीलाच तार सप्तकाच्या उंबऱ्यावर रेंगाळताना दिसला तर कान टवकारा. परज हा त्याचा जवळचा भाऊबंद, भल्याभल्यांची तिथे गल्लत होते, तुमची झाली तर वाईट वाटून घेऊ नका.

बहार काफी थाटातला. कोमल गंधार, दोन्ही निषाद. मध्यमावरून धैवताला जाऊन तार षड्जाशी पोचणारी त्याची झेप एकदा कानात बसली की विसरत नाही. चाल खेळकर. बहार जोडीदार फार लवकर जमवतो: बसंत-बहार, भैरव-बहार, बागेश्री-बहार.

हिंडोलात रिषभ आणि पंचम वर्ज्य, मध्यम तीव्र. उरलेल्या पाच स्वरांत तो असा ताठ उभा राहतो की गाणाऱ्याला कुठे आडोसा नाही. जुन्या सहा रागांच्या वाटणीत वसंत ऋतू हिंडोलाचाच. तरी मैफलीत तो सर्वांत कमी ऐकू येतो, अवघड आहे म्हणून.

गोव्याच्या परंपरेतला गायक असेल तर बसंती केदार मागून पाहा. जयपूर-अत्रौली घराण्याची ती खासियत. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या दोघींनी अल्लादिया खाँसाहेबांकडून हीच तालीम घेतली, त्यामुळे या किनाऱ्यावर जोडरागांचे जाणते श्रोते अजून भेटतात. शिवाय फाल्गुनात होरी आणि चैत्रात चैती, दोन्ही ठुमरीच्या अंगाने. मैफलीच्या उत्तरार्धात वाट बघा.

७. पाडव्याला सकाळी नऊ वाजता बुवांनी बहार गायला. तो तर मध्यरात्रीचा राग! चुकलं ना?

नाही चुकलं. बहार मध्यरात्रीचा आणि बसंत रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा हे खरं, पण ऋतूचे राग त्यांच्या ऋतूत कोणत्याही वेळी गायची मुभा परंपरेतच आहे. पावसाळ्यात मल्हार भरदुपारी चालतो तसंच. उलट पाडव्याला सकाळी तोडी झाल्यावर बहार येतो तेव्हा श्रोते सावरून बसतात. ही मुभा बाकीच्या रागांना नाही: सकाळी मारवा ऐकलात तर जरूर कुरकुरा.

८. सगळे कार्यक्रम रात्री दहाला का गुंडाळतात? दरबारी, मालकंस ऐकायचे कधी?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, आणि ते दिवस गणपती-नवरात्रातच बरेचसे खर्च होतात. वसंतातल्या मैदानी मैफलीच्या वाट्याला त्यांतलं क्वचितच काही येतं.

बंद सभागृहाला त्याच्या आतल्या आवाजापुरती ही बंदी लागू नाही. म्हणून रात्रीचे राग हवे असतील तर सभागृह किंवा कुणाच्या माजघरातली बिनमाइकची बैठक शोधा. बंद घरात, माइकशिवाय नियमाची अडचण सहसा येत नाही, फक्त शेजारी समजूतदार हवेत.

संध्याकाळी साडेसहाला सुरू होणाऱ्या कार्यक्रमाचा एक फायदा मात्र आहे. मार्चमध्ये आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पुरिया, मारवा, श्री हे संधिप्रकाशाचे राग बरोब्बर त्यांच्या घटकेला सापडतात. दिवसभराचे खारे वारेही तोवर मंदावू लागतात, माइकमधली फरफर कमी होते. कार्यक्रम सातला जाहीर करून पावणेआठला सुरू करणारे आयोजक हा अर्धा-पाऊण तास फुकट घालवतात, आणि दीपप्रज्वलनानंतरची भाषणं उरलासुरला.

९. मला शास्त्रीयातलं ओ की ठो कळत नाही. जाऊन बसलो तर चालेल?

चालेल की. आधी अभ्यास करून जाऊ नका, उगाच परीक्षेला बसल्यासारखं होतं. फक्त दोन गोष्टी करा. तानपुरे जुळवतात तेव्हाच जागेवर बसलेले असा, म्हणजे षड्ज कानात ठरतो. आणि विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालाची पहिली दहा मिनिटं कंटाळलात तरी उठू नका. राग तिथे घडत असतो, पुढच्या द्रुतची, म्हणजे जलद बंदिशीची, मजा त्याच्यावर उभी असते. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, जागा तुमच्या मानेला आपोआप कळेल, तोंडी गणित नको.

गुडघ्यांचा त्रास असेल तर भारतीय बैठकीच्या कार्यक्रमाला आयोजकांना आधी सांगा. मागे भिंतीलगत खुर्च्या ठेवतात. मधूनच उठून खुर्ची ओढत नेण्याचा आवाज गायकालाही जातो.

१०. दाद कधी द्यायची? आमच्याकडे लोक गप्पच बसतात.

हिंदुस्थानी मैफलीत समेवर, चांगल्या हरकतीला (स्वरांच्या छोट्या नक्षीला), तिहाई (तीनदा म्हटलेला तुकडा) बरोबर समेवर येऊन पडली की लगेच, मनापासून ‘वा’ आली तर येऊ द्या. कोकणातला श्रोता दाद देताना हात राखून असतो आणि मग घरी जाऊन तीन दिवस त्यावरच बोलतो. गायकाला त्यातलं काहीच पोचत नाही. आलापात मात्र मोठ्याने बोलू नका, मान डोलली तरी पुष्कळ.

सिम्फनीचे नियम वेगळे, ते प्रश्न ११ मध्ये.

११. सिम्फनीत सगळे शांत झाले म्हणून टाळी वाजवली, लोकांनी वळून पाहिलं. कधी वाजवायची?

सिम्फनीचे बहुधा चार भाग असतात, कॉन्चेर्तोचे (एक वाद्य पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशा रचनेचे) तीन. भागांच्या मधल्या शांततेत टाळी वाजवत नाहीत. पूर्ण रचना संपली की वाजवतात. कार्यक्रमपत्रिकेत भाग छापलेले असतात, मोजत चला. पण काही रचनांत दोन भाग न थांबता जोडलेले असतात. बीथोवेनच्या पाचव्या सिम्फनीत तिसऱ्यातून चौथ्यात असंच शिरतात, तिथे मोजणी चुकते. सोपी खूण सांगतो: कंडक्टर हात पूर्ण खाली घेऊन श्रोत्यांकडे वळेपर्यंत हात मांडीवर.

सुरुवातीला एक वाद्य लांब स्वर धरतं आणि बाकी सगळे त्याला मिळवून घेतात. तो ओबो. ती टाळीची जागा नाही. त्याच्या आगेमागे पहिला व्हायोलिनवादक मंचावर येतो, त्याच्यासाठी टाळी असते. कंडक्टर आल्यावर परत. उशीर झाला तर दार भागांच्या मध्ये किंवा मध्यंतरातच उघडतं. ‘ओळखीने सोडा’ इथे चालत नाही, आणि ते बरंच आहे.

१२. पाश्चात्त्य संगीतात वसंत कुठे भेटतो? कार्यक्रमपत्रिकेत काय शोधू?

विवाल्दीच्या चार ऋतूंपैकी पहिला कॉन्चेर्तो वसंताचा, १७२५ साली छापलेला. व्हायोलिनांत पक्षी, ओढा, गडगडाट सगळं ऐकू येतं. नवख्या कानाला याच्यासारखी वाट नाही. शुमानची पहिली सिम्फनी १८४१ सालची, तिलाही वसंताचंच नाव. स्ट्राव्हिन्स्कीची १९१३ सालची वसंतावरची रचना मात्र पहिल्या दिवशी टाळा. तिच्या पॅरिसमधल्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षागृहात गोंधळ माजला होता.

१३. कार्यक्रम चालू असताना तबलजी हातोडी का ठोकतात? आधी जुळवत नाहीत का?

जुळवतात, आणि ते पुन्हा उतरतं. तबल्याच्या तोंडावर कातडं असतं. दमट हवेत ते सैलावतं, स्वर खाली येतो; एसी सभागृहात नेलं की सुकून ताणतं, स्वर चढतो. किनाऱ्यावर फाल्गुन-चैत्रात हवेतला दमटपणा वाढत जातो, त्यात मंचावरच्या दिव्यांची ऊब. गजरा (कातड्याची गोल कड) आणि गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून स्वर परत आणावा लागतो. सरोदालाही कातडं असतं, त्याचीही हीच गत. सतारीला कातडं नाही, पण तारा उतरतात-चढतात त्याही. दोन मिनिटं धीर धरा आणि त्या वेळी मागे वळून गप्पा सुरू करू नका, जुळवणाऱ्याला कानानेच काम करायचं असतं.

आयोजकांना विनंती: वाद्यं मंचावर निदान तासभर आधी, एसी चालू ठेवून आणू द्या.

१४. रत्नागिरी-कणकवलीहून मुंबईची सिम्फनी ऐकून त्याच रात्री परतता येतं का?

येतं, जागरणाची तयारी असेल तर. आदल्या रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मुंबई गाठा. संध्याकाळचा कार्यक्रम मध्यंतर धरून दोन तासांच्या आसपास चालतो. नरिमन पॉइंटवरून सीएसएमटी टॅक्सीने जवळ. कोकणकन्या एक्स्प्रेस तिथून रात्री अकराच्या सुमारास सुटते. ती हुकली तर दादरवरून मध्यरात्रीनंतरची तुतारी एक्स्प्रेस, सावंतवाडीपर्यंत. मुंबईला जायला दुपारी इथून जाणाऱ्या मांडवी एक्स्प्रेसवर मात्र विसंबू नका, ती मुंबईला पोचेपर्यंत कार्यक्रम संपलेला असतो.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. कार्यक्रमाचं तिकीट आणि गाडीचं तिकीट एकाच बैठकीत काढा. वेळ निघण्याआधी रेल्वेकडे पडताळून घ्या, फलाटाची कामं निघाली की गाड्या अलीकडच्या स्थानकातून सोडतात.

१५. शिमग्याच्या दिवसांत कार्यक्रम ठेवावा का? आम्ही नवे आयोजक आहोत.

ठेवू नका. पालखी ज्या दिवशी घरी येणार त्या दिवशी माणूस घर सोडत नाही, तुमचा गायक कितीही मोठा असो. चाकरमानी आलेले असतात म्हणून गर्दी होईल हा हिशेब वरवर बरोबर वाटतो, पण ते पालखीसाठी आलेले असतात. तुमच्या वाडीची पालखी कधी आहे ते गावकरांना विचारा. प्रत्येक गावाचा क्रम निराळा. दहावी-बारावीच्या परीक्षाही फेब्रुवारी-मार्चमध्येच, त्या दिवसांत मैदानावर लाउडस्पीकर लावून गावाचा रोष कशाला घ्या. उरतो तो पाडवा ते रामनवमी, आणि त्याआधी वसंत पंचमीच्या पुढचा आठवडा.

१६. गोव्यात होळीच्या आसपास चर्चमध्ये व्हायोलिनसह गाणं ऐकलं. ती मैफल होती का? पुन्हा ऐकायला जाता येईल?

ते बहुतेक मोतेत. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, लॅटिन शब्दांवर, अनेक कंठांत गायली जाणारी गोव्याची खास परंपरा. सोबत व्हायोलिन, क्लॅरिनेट, डबल बास. जाता येतं, पण ती उपासना आहे. मागे उभे राहा, टाळी नाही, फोन नाही. संगीताच्या दृष्टीने वसंतात या किनाऱ्यावर ऐकावं असं जे थोडं आहे त्यात आम्ही हे फार वर धरतो.

१७. फोनवर रेकॉर्ड केलं तर चालतं का? घरी ऐकायलाच हवंय.

आधी विचारा. स्वतःच्या सादरीकरणावर कलाकाराचा हक्क कॉपीराइट कायद्यातच आहे. स्वतःपुरत्या रेकॉर्डिंगला कायदा सवलत देतो, पण यूट्यूबवर चढवणं त्यात बसत नाही. आणि परवानगी असली तरी हात उंच धरून फोन धरू नका, मागे बसलेल्याला अख्खा मारवा तुमच्या स्क्रीनमधून बघावा लागतो.

१८. सुतक आहे. मैफलीला गेलो तर चालेल?

नाट्यगृहात असेल तर तो तुमच्या घरचा निर्णय. देवळाच्या सभामंडपात असेल तर तिथल्या पुजाऱ्यांना वा मानकऱ्यांना विचारा. काही ठिकाणी सभामंडपाच्या बाहेर, पायऱ्यांखाली बसलेलं चालतं. आवाज तिथवर येतो.

१९. वीज गेली तर कार्यक्रम बंद पडतो का?

सिम्फनीच्या सभागृहात जनरेटर असतो. आपल्या बैठकीत वीज गेली तर गायकाला फारसं अडत नाही. तंबोरा हाताने छेडता येतो, इलेक्ट्रॉनिक असेल तर फोनवरही चालतो. पंखा थांबल्याने तुम्हीच आधी हैराण व्हाल. हातपंखा न्या, आणि तो तालात हलवू नका, पुढच्याचं लक्ष जातं.